‘डायरेक्ट’ केलेली सुरक्षा

यंत्रदुरुस्तीच्या आपल्या परिभाषेत ‘डायरेक्ट’ हा शब्द फार लाडका आहे. यंत्र मध्येच बंद पडते, मिस्त्री येतो, दोन वायरी सोलून एकमेकींना पिळतो, वर काळी टेप गुंडाळतो आणि सांगतो, ‘साहब, डायरेक्ट कर दिया, अब नहीं रुकेगा.’ भिलाईत हे वाक्य हिंदीत ऐकू येते, नागपुरात मराठीत ऐकू येते, एवढाच फरक. ऐकणाऱ्याला समाधान वाटते, कारण काम सुरू झाले आणि खर्च जवळजवळ शून्य. पण यंत्र का थांबत होते, ते थांबावे अशी योजना कोणी आणि कशासाठी केली होती, हा प्रश्न त्या क्षणी कोणीच विचारत नाही. माझे म्हणणे असे की हा प्रश्न न विचारणे ही मिस्त्रीची चूक नसून प्रशासनाची चूक आहे, आणि तिची किंमत प्रशासन कधीच मोजत नाही. ती मोजतो यंत्रावर बसलेला माणूस.

विषय वरवर पाहता क्षुल्लक आहे: बागेतील जुने ट्रॅक्टर आणि त्यांवरील सुरक्षा-स्विच. पण क्षुल्लक वाटणाऱ्या विषयातच कार्यपद्धतीचे दोष स्वच्छ दिसतात. मोठ्या अपघातानंतर समित्या नेमल्या जातात, वृत्तपत्रे लिहितात, मंत्री भेट देतात. माळ्याची दोन बोटे गेली तर एक फाईल उघडते आणि बंद होते.

भिलाई हे योजनापूर्वक वसवलेले शहर आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले, आणि कारखान्याभोवती सेक्टरांची वसाहत उभी राहिली. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, मैदाने, आणि १९७२ साली भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून उभे राहिलेले मैत्री बाग. अशा शहरात गवत कापणे हे वर्षभराचे काम असते आणि पावसाळ्यात तर ते संपतच नाही. देशभरातील कारखान्यांच्या वसाहती, विद्यापीठे, छावण्या, विमानतळ आणि सरकारी वसाहती या सर्वांना हेच लागू आहे. तिथे बसून चालवायची गवत-कापणी यंत्रे असतात, पाठीमागे पाते जोडलेले छोटे ट्रॅक्टर असतात. शहराबाहेर पडून दुर्ग जिल्ह्यातील कोणत्याही गावात गेलो तर तेच ट्रॅक्टर रोटाव्हेटर ओढताना आणि मळणीयंत्र फिरवताना दिसतात. यंत्रे वेगळी, मालक वेगळे, पण ‘डायरेक्ट’ सर्वत्र एकच.

या स्विचांचे काम काय ते आधी समजून घेऊ. बसून चालवायच्या यंत्रावर साधारणपणे तीन स्विच असतात. पहिला आसनाखाली. चालक उठला किंवा पडला आणि पाते फिरत असले तर इंजिन बंद व्हावे, यासाठी तो असतो. दुसरा क्लच किंवा ब्रेकच्या पायपट्टीपाशी. पायपट्टी दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू नये, म्हणजे यंत्र गिअरमध्ये असताना चालू होऊन पुढे झेपावणार नाही. तिसरा पाते जोडण्याच्या दांडीपाशी. पाते जोडलेले असताना इंजिन सुरूच होऊ नये, हे त्याचे काम. तिन्ही मिळून एकच गोष्ट सांगतात: माणूस जागेवर नसेल तर यंत्राने काम करू नये.

हे स्विच जुने झाले की बिघडतात, यात आश्चर्य नाही. पावसाळी दमटपणाने जोडणीची टोके गंजतात, उंदीर वायरी कुरतडतात, आसनाची स्प्रिंग बसते, पायपट्टीची खिट्टी वाकते. चालक हलक्या वजनाचा असेल आणि जमीन खडबडीत असेल तर तो उसळतो आणि इंजिन बंद पडते. दिवसातून वीस वेळा असे झाले की तो वैतागतो. त्याचा वैताग खोटा नाही, हे आपण मान्य केले पाहिजे. त्याला अमुक इतके मैदान संध्याकाळपर्यंत पूर्ण करायचे असते.

पण स्विच दोन प्रकारे बिघडतो, आणि हा भेद फारच थोड्या अधिकाऱ्यांना माहीत असतो. काही यंत्रांत इंजिन चालू राहण्यासाठी वीज लागते. डिझेलचा पुरवठा उघडा ठेवणारी झडप विजेवर चालते. तिथे वायर तुटली की इंजिन थांबते. यंत्र बिघडले, पण सुरक्षित बाजूला बिघडले. याउलट, मॅग्नेटोवर चालणाऱ्या छोट्या पेट्रोल इंजिनात ठिणगी बंद करण्यासाठी मॅग्नेटोची वायर जमिनीला, म्हणजे यंत्राच्या सांगाड्याला जोडावी लागते. चालक उठला की आसनाखालचा स्विच ही जोडणी करतो. तिथे वायर तुटली तर इंजिन थांबतच नाही. यंत्र उत्तम चालते, कोणाची तक्रार येत नाही, आणि आसन रिकामे झाल्यावर पाते फिरत राहते. जुन्या शेती ट्रॅक्टरांची गत तर आणखी वेगळी. त्यांचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेची गरजच नसते. क्लचचा स्विच बिघडला म्हणून जमिनीवर उभे राहून पेचकसाने स्टार्टरची दोन टोके जोडण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो सुरू होतो आणि समोर किंवा चाकाशी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरून जातो.

यातून प्रशासनाने घ्यायचा धडा सरळ आहे. तक्रार फक्त थांबणाऱ्या यंत्राची येते, न थांबणाऱ्या यंत्राची कधीच येत नाही. म्हणून ‘तक्रार नाही’ याचा अर्थ ‘सर्व ठीक आहे’ असा लावणारी कोणतीही व्यवस्था नेमका धोकादायक बिघाड वगळून बाकीचे बिघाड नोंदवत असते. आपल्या बहुतेक कार्यालयांतील देखभालीच्या नोंदवह्या अशाच आहेत. त्यांत ‘यंत्र बंद’ असा रकाना असतो, ‘यंत्र थांबत नाही’ असा नसतो.

आता अर्थशास्त्राच्या बाजूने पाहू. स्विच नवा बसवायला थोडे पैसे आणि बराच वेळ लागतो. सुटा भाग बाहेरून मागवावा लागतो, तोपर्यंत यंत्र उभे राहते. उभ्या यंत्राचा तोटा ठेकेदाराला होतो, कारण त्याला पैसे कापलेल्या क्षेत्रफळावर मिळतात. खातेप्रमुखालाही होतो, कारण पुढच्या आठवड्यात कोणीतरी मोठे पाहुणे येणार असतात आणि मैदान हिरवे, सपाट दिसले पाहिजे. ‘डायरेक्ट’ केल्याने या दोघांचा तोटा त्याच दिवशी टळतो. वाढलेला धोका मात्र त्यांच्यापैकी कोणाच्याही वाट्याला येत नाही. तो तिसऱ्याच्या, म्हणजे रोजंदारीवरच्या चालकाच्या किंवा शेजारी पालापाचोळा गोळा करणाऱ्या बाईच्या वाट्याला येतो. निर्णय एकाचा, लाभ दुसऱ्याचा आणि धोका तिसऱ्याचा, ही स्थिती असेल तर धोका नेहमीच गरजेपेक्षा जास्त घेतला जाणार, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवीही लागत नाही. गिडो कालाब्रेसी या अमेरिकी कायदेपंडिताने १९७० साली अपघातांच्या खर्चावर पुस्तक लिहिले. त्यातील मुख्य विचार असा की अपघाताचा भार अशा व्यक्तीवर टाकावा जी तो सर्वांत कमी खर्चात टाळू शकते. आपल्याकडे भार नेमका अशा व्यक्तीवर पडतो जिला तो टाळण्याचा अधिकारच नाही. स्विच मागवण्याचा अधिकार चालकाला नसतो आणि यंत्र नाकारण्याची हिंमत त्याला परवडत नाही.

कायदा काय सांगतो? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, उद्यानकामात किंवा शेतीत ट्रॅक्टरने अथवा यंत्रशक्तीवरील साधनाने काम करणाऱ्यांचा स्पष्ट समावेश होता. म्हणजे बागेतील ट्रॅक्टरचालक कायद्याच्या नजरेतून सुटलेला नव्हता. पण त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात एक अपवाद होता. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले नसेल आणि कामगाराने सुरक्षेसाठी दिलेले साधन जाणूनबुजून काढून टाकले असेल किंवा त्याकडे दुर्लक्ष केले असेल, तर मालकावर भरपाईची जबाबदारी नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात विलीन झाला, तरी या अपवादाचे तत्त्व कायम आहे.

तत्त्व म्हणून ते गैर नाही. पण व्यवहारात त्याचे काय होते ते पाहा. दोन बोटे जाणे हे ‘कायमचे संपूर्ण अपंगत्व’ नव्हे. अनुसूचीप्रमाणे एका हाताची दोन बोटे जाणे म्हणजे कमाईच्या क्षमतेत २० टक्के घट. म्हणजे बोटे गेलेला माळी नेमका त्या गटात येतो ज्याला हा अपवाद लागू पडतो. मग चौकशीत एकच प्रश्न उरतो: स्विच कोणी काढला? वायरी पिळणारा मिस्त्री चौकशीत नसतो. ‘कसेही करा, पण आज संध्याकाळपर्यंत मैदान तयार हवे’ असे फोनवर सांगणारा अधिकारी तर मुळीच नसतो. यंत्रावर बसलेला माणूस तेवढा हजर असतो. म्हणून त्यानेच काढला असेल!

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात अशीच एक फाईल माझ्या पाहण्यात आली. ठेकेदाराच्या माळ्याने पात्यात अडकलेले ओले गवत काढण्यासाठी उतरून हात घातला होता. इंजिन बंद झाले असेल या समजुतीने. आसनाखालच्या स्विचच्या वायरी जोडलेल्या होत्या, आणि त्या टेपवर जमलेली धूळ पाहता ते काम जुने होते. चौकशी अहवाल सव्वा पानाचा. निष्कर्ष: ‘चालकाचा निष्काळजीपणा.’ उपाय: ‘सर्व चालकांना योग्य समज देण्यात यावी.’ वायरी केव्हा जोडल्या, कोणी जोडल्या, शेवटची तपासणी केव्हा झाली, त्या माळ्याने आधी कधी वेगळे, स्विच चालू असलेले यंत्र चालवले होते का, यांपैकी एकही प्रश्न अहवालात नव्हता. शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उतरले की इंजिन बंद होते, असा ज्याचा अनुभव आहे त्याच्या हाताला सवय लागते. मग त्याला न सांगता स्विच काढून घेणे म्हणजे जिन्याची एक पायरी रात्रीतून काढून टाकण्यासारखे आहे. तिथे पडणाऱ्याला निष्काळजी म्हणणे हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार होय. आणि ‘समज देणे’ हा उपाय म्हणजे रोग म्हशीला, औषध पखालीला.

आपल्या संसदेला हा प्रश्न कधी कळलाच नाही असे म्हणता येणार नाही. हरितक्रांतीनंतर मळणीयंत्रे झपाट्याने वाढली आणि पेंढ्या आत सारताना मजुरांचे हात जाऊ लागले. १९८३ साली धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा झाला. त्यात मळणीयंत्राचे नाव घेऊन उत्पादकावर परवान्याचे आणि मालकावर भरपाईचे बंधन घातले गेले. भारतीय मानक ९०२० मध्ये मळणीयंत्राच्या तोंडाशी किमान ९० सेंटिमीटर लांबीचे घसरण-पन्हळ असावे आणि त्याचा किमान ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे ठरवले गेले. या मापामागचा हिशेब माणसाच्या हाताच्या लांबीचा आहे. हात कितीही पुढे गेला तरी दात्यांपर्यंत पोहोचू नये. इतका साधा आणि शहाणा उपाय! पण पत्रा वाचवून स्वस्तात यंत्र विकणारा असतो, आणि झाकणामुळे पेंढ्या हळू जातात म्हणून ते कापून टाकणाराही असतो. म्हणजे ‘डायरेक्ट’ करण्यासाठी वायरच लागते असे नाही, पत्रा कापूनही ते होते.

कारखान्याच्या कुंपणाच्या आत स्थिती तुलनेने बरी होती. १९४८ च्या कारखाना कायद्यात यंत्रांना कुंपण घालण्याचे कलम २१ होते, आणि असुरक्षित यंत्र कारखान्याला विकणाऱ्याला शिक्षा सांगणारे कलम २६ होते. पण त्या कलमातला दंड किती? जास्तीत जास्त ५०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. दंडाचा आकडा दशकानुदशके तसाच राहिला. आता त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तिच्यात यंत्राचा आराखडा करणारे, उत्पादक, आयातदार आणि पुरवठादार यांच्यावर कर्तव्ये टाकली आहेत, हे स्वागतार्ह आहे. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० वर गेली, आणि इतर आस्थापनांसाठीही साधारणपणे १० कामगारांची अट आहे. बागकामाचा ठेकेदार सहासात माणसांवर काम चालवतो. शेतकरी तर एकच ट्रॅक्टर आणि एकच चालक ठेवतो. ज्याला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, तोच संहितेच्या उंबरठ्याबाहेर!

याच भागाने मोठे अपघातही पाहिले आहेत. १२ जून २०१४ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्यात पंपगृहातील पाण्याचा पुरवठा खंडित झाला, पाण्याच्या मार्गाने विषारी वायू आत शिरला आणि सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी वायुवाहिनीच्या कामाच्या वेळी लागलेल्या आगीत दहाहून अधिक कर्मचारी गेले. हे अपघात स्विच जोडल्याने झाले असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांची कारणे वेगळी होती. पण भोपाळचे तसे नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री त्या कारखान्यातील वायू थंड ठेवणारी शीतन यंत्रणा आधीपासून बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडलेला होता आणि वायू धुणारी यंत्रणा राखीव अवस्थेत होती. एकेक साधन कोणी ना कोणी, कोणत्या ना कोणत्या सोयीसाठी बाजूला केले होते. आसनाखालचा स्विच आणि भोपाळचा मनोरा यांच्यात आकाराचे अंतर प्रचंड आहे. पण मनोवृत्तीचे अंतर नाही. जे साधन रोज उपयोगी पडत नाही ते फुकट आहे, अशी ती मनोवृत्ती आहे.

अमेरिकेत घरोघरी गवत कापले जाते, त्यामुळे तिथे हा प्रश्न लवकर ऐरणीवर आला. १९७२ साली स्थापन झालेल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मागून ढकलायच्या यंत्रांसाठी सक्तीचे मानक केले. ३० जून १९८२ पासून बनणाऱ्या यंत्राचे पाते, चालकाने दांडी सोडल्यावर तीन सेकंदांत थांबलेच पाहिजे. त्या चर्चेत एक मुद्दा फार महत्त्वाचा होता. प्रत्येक वेळी इंजिनच बंद पडले आणि पुन्हा दोरी ओढून सुरू करावे लागले, तर लोक वैतागून ते साधन निकामी करतील, अशी भीती व्यक्त झाली होती. म्हणजे त्यांच्याकडचा माणूसही आपल्यापेक्षा वेगळा नाही. वेगळे हे की त्याचा वैताग आराखड्याच्या वेळीच विचारात घेतला गेला. आपण माणूस वैतागेपर्यंत थांबतो, त्याने वायरी पिळल्या की डोळे मिटतो, आणि बोटे गेली की त्याला समज देतो.

आता नेहमीच्या आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप: जुनी यंत्रे भंगारात काढा, प्रश्नच मिटेल. हे आकर्षक वाटते, पण खरे नाही. एक तर ज्या यंत्राचे इंजिन, पाते, गिअर सर्व ठीक आहे ते एका स्विचपायी निर्लेखित करणे ही उधळपट्टी आहे. दुसरे म्हणजे निर्लेखित यंत्र नाहीसे होत नाही. ते लिलावात ‘जसे आहे, जिथे आहे’ या अटीवर विकले जाते आणि एखाद्या नर्सरीवाल्याकडे किंवा छोट्या शेतकऱ्याकडे जाते. आपल्या अंगणातला धोका आपण पैसे घेऊन गरिबाच्या अंगणात पाठवतो. आणि तिसरे म्हणजे, कार्यपद्धती न बदलता नवे यंत्र आणले तर त्याचाही पहिला स्विच बिघडताच ते ‘डायरेक्ट’ होणार. खरा दोष यंत्राच्या वयात नसून ते वापरणाऱ्या व्यवस्थेत आहे.

दुसरा आक्षेप: नियम आडवे येतात, एका स्विचसाठी निविदा कोण काढणार? हे अज्ञान आहे किंवा सबब. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत किरकोळ किमतीची, जेम पोर्टलवर न मिळणारी वस्तू कोटेशनशिवाय घेण्याची सोय नियम १५४ मध्ये आहे. एकाच उत्पादकाकडे मिळणाऱ्या भागासाठी नियम १६६ आहे. सार्वजनिक उपक्रमांच्या खरेदी-पुस्तिकाही किरकोळ खरेदीची वाट देतात. साहेबांच्या खोलीतील वातानुकूलन यंत्र बिघडले तर हेच नियम दुपारपर्यंत वाट काढून देतात. मग माळ्याच्या आसनाखालच्या स्विचसाठीच ते आडवे का यावेत?

तिसरा आक्षेप: आपल्या लोकांना सुरक्षेची पर्वाच नाही, ते स्वतःच काढून टाकतात. काही वेळा हे खरे आहे. पण ज्याची मजुरी क्षेत्रफळावर ठरते त्याने सुरक्षेसाठी स्वतःची मजुरी बुडवावी, ही अपेक्षा करण्याचा नैतिक अधिकार ती मजुरी ठरवणाऱ्याला नाही. आधी ठेक्याची अट बदला, मग त्याच्या पर्वेबद्दल बोला. आणि जुगाडाच्या कौतुकाबद्दलही एकदा बोलले पाहिजे. अभावातून मार्ग काढण्याची हिकमत कौतुकास्पद आहे, यात वाद नाही. पण जो जुगाड स्वतःची सोय दुसऱ्याच्या जिवावर करतो त्याला कल्पकता म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

केवळ टीका करून थांबणे मला मान्य नाही. पुढील गोष्टी कोणत्याही कार्यालयाला, नव्या कायद्याची वाट न पाहता, उद्यापासून करता येतील.

१. दररोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटांची चाचणी. सपाट, मोकळ्या जागेत, आसपास कोणी नसताना: पायपट्टी न दाबता किल्ली फिरवावी, स्टार्टर फिरता कामा नये. पाते जोडून किल्ली फिरवावी, तेव्हाही फिरता कामा नये. मग इंजिन सुरू करून, पाते जोडून, खाली न उतरता आसनावरून किंचित उठावे, इंजिन बंद पडलेच पाहिजे. तिन्हींची नोंद वहीत, चालकाच्या सहीने. वहीत ‘यंत्र थांबत नाही’ असा स्वतंत्र रकाना हवा.

२. स्विच बिघडला असे वाटले तर आधी जोडणीची टोके साफ करावीत, सांगाड्याची जोडणी आणि वायर मीटरने तपासावी, आसनाची स्प्रिंग आणि पायपट्टीची खिट्टी पाहावी. बहुतेकदा स्विच चांगला असतो आणि गंजलेले टोक किंवा वाकलेली पट्टी हेच खरे कारण निघते. हे काम आयटीआय शिकलेल्या कोणत्याही तरुणाच्या आवाक्यातले आहे.

३. दोष शोधण्यासाठी वायरी तात्पुरत्या जोडाव्या लागल्याच, तर फक्त कार्यशाळेत, पात्याचा पट्टा काढून, लाल चिठ्ठी बांधून. चिठ्ठी काढल्याशिवाय यंत्र मैदानावर जाणार नाही. पोलाद कारखान्यात दुरुस्तीच्या वेळी कुलूप आणि चिठ्ठी लावण्याची जी शिस्त आहे, तीच कुंपणाबाहेर आणायची आहे.

४. मैदानावर वायरी जोडून काम चालवायचे असेल तर तसा लेखी आदेश, नाव आणि पदासह. मला खात्री आहे की असा आदेश कोणीही लिहिणार नाही. तो लिहिण्याची वेळ आली की स्विच आपोआप मागवला जाईल. तोंडी आदेशाची सोय काढून घेणे हाच अर्धा उपाय आहे.

५. ठेक्याच्या अटींत यंत्र सुरक्षा-दोषामुळे उभे राहिल्यास त्या दिवसाची मजुरी चालकाला मिळेल, अशी तरतूद. प्रत्येक यंत्रामागे एक जास्तीचा स्विच-संच भांडारात. ज्या वस्तूसाठी काम अडते ती भांडारात नसणे हा नियोजनाचा दोष आहे.

६. प्रत्येक अपघाताच्या चौकशीत पहिला प्रश्न ‘कोणती सुरक्षा-साधने चालू होती आणि शेवटची तपासणी केव्हा झाली?’ हा असावा. त्याचे उत्तर नसेल तर ‘चालकाचा निष्काळजीपणा’ हा निष्कर्ष लिहिण्यास मनाई असावी.

७. सरकारी लिलावात जाणाऱ्या यंत्राची सुरक्षा-चाचणी होऊन तिचा निकाल लिलावाच्या सूचनेतच छापावा. साधने निकामी असतील तर ती बसवून विकावे, नाही तर पाते व जोडदांडा काढून सुट्या भागांच्या रूपात विकावे.

शेतीच्या ट्रॅक्टरांसाठी आणखी एक मार्ग उपलब्ध आहे. मोटार वाहन नियमांनुसार शेतीचा ट्रॅक्टर हे बिगर-वाहतूक वाहन आहे. त्याची नोंदणी १५ वर्षांनी आणि नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी येते, आणि त्या वेळी तंदुरुस्ती तपासली जाते. क्लचचा स्विच आणि जोडदांड्याचे आवरण यांची तपासणी त्या यादीत ठळकपणे यावी. मध्य प्रदेशात बुदनी येथे ट्रॅक्टरांची चाचणी करणारी केंद्रीय संस्था आहे, भोपाळला १९७६ पासून केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे, रायपूरला १९८७ पासून इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आहे, आणि भिलाईला २०१६ पासून आयआयटी आहे. ज्ञान आपल्यापासून चारपाचशे किलोमीटरच्या आत उपलब्ध आहे. दमट हवेत न गंजणारा, हलक्या माणसाच्या वजनालाही ओळखणारा, वायर तुटली तर इंजिन थांबवणारा आणि गावच्या दुकानात मिळणारा स्विच तयार करणे हे या संस्थांना अशक्य नाही. त्यांना कोणी मागितलेला नाही, एवढेच.

मागायचा कोणी? ज्याची बोटे जातात त्याच्याजवळ कागद नाही, पद नाही, संघटनाही बहुधा नाही. म्हणून मागण्याची जबाबदारी ज्याच्याजवळ सही आहे त्याची आहे. प्रशासनात आपण ‘अधिकार’ या शब्दाचा अर्थ बहुधा मंजुरी देण्याचा अधिकार असा घेतो. थांबवण्याचा अधिकार हाही अधिकारच आहे, आणि आसनाखालचा तो छोटासा स्विच दुसरे काही करत नाही. माणूस जागेवर नाही, तेव्हा काम थांबवा, एवढेच तो सांगतो. जे अधिकारी हे वाचत असतील त्यांना माझी विनंती आहे की उद्या सकाळी आपल्या आवारातील एका, फक्त एका यंत्राचे आसन उचलून खाली पाहावे. काळी टेप दिसली तर ते यंत्र त्या क्षणी उभे करावे, आणि ते का उभे केले याचे कारण स्वतःच्या सहीने लिहावे.